जावयाचा भोपळा

क्रिकेटात शून्यावर आउट झालं की आमच्याकडं 'भोपळा' म्हणतात. या एका शब्दापायी माझ्या भावाचा हात मोडला, आणि तो मोडला माझ्या नवऱ्यानं.

माझं माहेर राजुरी, सासर अवसरी खुर्द. लग्नाला वर्ष झालेलं, पोटात सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी ठरलेलं. राजुरीत यात्रेच्या मॅची होत्या आणि नेमकी गाठ पडली माहेर-सासरची. नवरा पहिल्याच चेंडूला गेला. मागं कीपर माझा धाकटा भाऊ. त्यानं कॅचची बोंब ठोकली, अंपायरनं बोट वर केलं. माइकवरचा टवाळ ओरडला, "जावयबापूंचा भोपळाऽऽ! सासूबाई, भाजी टाका!" अख्खं मैदान खिदळलं. नवरा मान खाली घालून निघाला होता, खरंच निघाला होता. तेवढ्यात कुणीतरी बांधावरचा खराखुरा लाल भोपळा आणून दिला, आणि माझ्या दिवट्या भावानं सुतळी बांधून तो दाजींच्या गळ्यात घातला.

नवऱ्यानं बॅट फिरवली. हाड मोडल्याचा आवाज मी बायकांत बसून ऐकला. मग काय विचारता! स्टंप उपटले, दगड सुटले, कुणाचं टाळकं फुटलं, कुणाचे दात पडले. तात्यांनी, माझ्या वडलांनी, कुऱ्हाड उचलली. मी पोट धरून मधी घुसले. "आधी मला तोडा, मग त्याला!"

तात्यांनी कुऱ्हाड टाकली, पण म्हणाले, "यानं माझ्या उंबऱ्याशी येऊन माफी मागितल्याबिगर तू बी यायचं न्हाई."

नवरा म्हणाला, "मेलो तरी मागणार न्हाई." मला दोघांचाही असा संताप आला! भांडायचं यांनी, आणि माहेर तुटायचं माझं.

महिनाभरानं भाऊ प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून आमच्या दारात उभा. म्हणाला, "दाजी, चेंडू बॅटला लागलाच न्हवता. मला ठावं व्हतं."

"मेल्या!" मी ओरडले. नवरा उठला. मला वाटलं, आता दुसराही हात जातो. पण तो म्हणाला, "मला बी ठावं व्हतं. सासऱ्याच्या गावात आउटवरनं कुठं भांडायचं, म्हणून गप निघालो व्हतो."

भाऊ दारातच रडायला लागला. नवऱ्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही. मला म्हणाला, "पिशवी भर. तात्यांच्या पाया पडून तुला सोडून येतो."