काडीपैलवानाची साखर

शिंप्याला सगळे काडीपैलवान म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. लग्नातली पँट त्याला अजून व्यवस्थित बसायची. एखाद्या गिऱ्हाइकाची कंबर जरा जास्त भरली की तो फीत गुंडाळता गुंडाळता भुवई उडवायचा. बायकोचं माप घेताना तर जीभ फारच सैल सुटायची. "तुला कापड पुरवायला एखादा कापडवाला जावई करून घ्यायला हवा होता," म्हणायचा. बायको अंगाने भरलेली. ती हसून सोडून द्यायची. शिवलेले कपडे इस्त्री करून ती घरोघरी पोचवायची, दिवसभर जिने चढायची, उतरायची. हा मात्र सकाळी मशीनवर बसला की थेट जेवायलाच उठे. पूर्वी निदान पायडल मारायचा. मोटर बसवली आणि तेही सुटलं.

तिला डॉक्टरकडे नेलं ते त्यानेच. वजनावरून तिला परस्पर चार शब्द ऐकवले जावेत, एवढाच बेत. पण डॉक्टरीणबाईंनी दोघांचा दिनक्रम विचारला आणि दोघांचंही रक्त तपासायला सांगितलं. "माझं कशाला उगाच?" तो म्हणाला.

रिपोर्ट आले. तिची साखर ठीक होती. वाढली होती ती याची.

"वजन तुम्हीही थोडं उतरवा," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "पण हे जिने तुमच्या फार कामी आलेत." मग त्याच्याकडे वळल्या. "बारीक माणूस यातून सुटतो असं नाही हो. घरात कुणाला मधुमेह होता?"

"वडिलांना."

"आणि तुम्ही दिवसभर बसून. साखर अजून मधुमेह म्हणण्याइतकी नाही, पण उंबरठ्यावर आहात. पाय हलवा."

वडिलांची नजर साखरेनेच गेली होती. दुकानात शिंप्याला चैन पडेना. सुईत दोरा ओवून बघायचा, काढायचा, पुन्हा ओवायचा. उठून दारापर्यंत जायचा, परत येऊन बसायचा. रस्त्याने एखादा जाडा माणूस झपाझप चालत गेला की त्याचा उगाच राग यायचा. शिवाय बायको आता बोलेल, मग बोलेल, हा धाक होताच. एवढी वर्षं टोमणे मारले, ती थोडीच सोडणार? पण ती काहीच बोलेना, आणि त्याने तो आणखी कातावला.

शेवटी एका सकाळी त्याने तिच्या हातातलं कपड्यांचं गाठोडं ओढून घेतलं. "मी येतो."

दुसऱ्या मजल्यावर त्याला धाप लागली. कठडा धरून तो उभा राहिला. ती चार पायऱ्या वर थांबली होती, तिला घामसुद्धा आला नव्हता.

"हस की आता," तो करवादला. "घे हसून एकदाचं."

"हसायचंच होतं हो मला," ती खाली येत म्हणाली. "काय काय ऐकवायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण तोंड उघडायला गेले की रडूच यायचं."

तिने गाठोड्यासाठी हात पुढे केला. त्याने ते दिलं नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. पण श्वास पुरत नव्हता, तिला नीट ऐकू गेलं नसावं. म्हणून वरच्या मजल्यावर पोचल्यावर त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं.