वहिनीचा हलका हात

माझी आई पालमजवळच्या खेड्यात भावाकडं असते आणि मी परभणीत एका वृद्धाश्रमात नर्स. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या आया सांभाळायच्या आणि स्वतःची आई वहिनीच्या हवाली. आधीच सांगून टाकते, पुढचं सगळं माझ्या जळण्याचं आहे.

आमची ड्युटी म्हणजे नुसती पळापळ. शुगर बघा, बीपी बघा, गोळ्या कुटून चमच्यानं पाजा, पडून असलेल्यांची कूस बदला, पाठीला जखम होत नाही ना ते बघा आणि केलं तेवढं सगळं लिहा. त्यात पुण्याहून लेकांचे फोन, "आई जेवली का?" जेवली हो, पण मी जेवले का ते कोण विचारतंय! माणसाजवळ बसायला वेळ म्हणून मिळत नाही, तो चोरावा लागतो. सकाळच्या गोळ्या उरकल्या की मी खिडकीजवळच्या आजींची वेणी घालायची. वेणी ड्युटीत कुठंच बसत नाही, म्हणूनच मला ती आवडायची.

या आजींची लेक दर रविवारी वालूरहून एसटीनं येते. एकदा ती आली तेव्हा फणी माझ्या हातात होती.

"द्या इकडं, मी घालते," ती म्हणाली.

दोन-चारदाच फणी फिरवली असेल, तोवर आजी ओरडल्या, "नगं बाई, तुझा हात लय जड हाय. सिस्टरलाच घालू दे."

लेकीनं फणी परत दिली आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिच्या ताटातलं उचललंय. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या.

पुढच्या सुट्टीत गावी गेले. भावानं दारातच जयभीम घालून पिशवी घेतली. ओसरीवर आई बसलेली, तिच्या मागं वहिनी, शेजारी तेलाची वाटी. दोघी कशाला तरी हसायल्या होत्या. पोटची मी, आणि हसणं हिच्यासंगं!

"वहिनी, तुमी उठा. आज मी घालते."

बसले आणि सवयीनं सुरू झाले. आईची पाठ चाचपली, पाय दाबून सूज बघितली, जेवण जातं का, पोट साफ होतं का, झोप लागती का, सगळं विचारून घेतलं. मग फणी.

"झालं का तुझं तपासून?" आई म्हणाली. "लय घाई करायलीस बाई तू. तिला बोलीव. तिचा हात हलका हाय."

वहिनी चुलीजवळून म्हणाली, "असू द्या ओ आत्या, ताई किती दिवसांनी आल्यात." तिचं हे मोठेपण तर मला बिलकुल सोसवलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. फणी खाली ठेवली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.

परतताना एसटीत वालूरच्या त्या लेकीचं बघणं डोळ्यांपुढून हलेना. आता ते मला चांगलंच कळलं होतं.

रविवारी ती आली. कॉटच्या पायथ्याशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. फणी मागितली नाही. मी आजींचे केस मोकळे केले, गुंत्यात फणी घातली आणि मुद्दाम ओढली. चांगली जोरात.

"अगं आयाया! मुडदा बशिवला तुझा, केसं उपटतीस का? व्हय बाजूला! माझ्या लेकीला घालू दे!"

"मलाबी गोळ्या वाटायच्यात," मी म्हणाले आणि बाहेर आले. गोळ्या केव्हाच वाटून झाल्या होत्या. आतून लेकीचा आवाज येत होता, "दुखलं का गं? हळू घालते." आणि आजी माझ्या नावानं बोटं मोडत होत्या.

तेव्हापासून रविवारची वेणी लेकच घालते. आजी म्हणतात, "सिस्टरचा हात बिघडला." बिघडू दे.

मी मात्र गावी गेले की ओसरीवर वहिनीच्या हाताकडं बघत बसते. फणी आता अडकंल, आई ओरडंल, मला हाक मारंल. पण त्या बाईनं अजून एकदाबी केस ओढलेला नाही.