त्या दिवशी न उडालेले विमान

आडे सरांची आणि माझी पहिली भेट एसटीत झाली आणि ती माझ्या भांडणाने सुरू झाली. सेनगावच्या शाळेत भूगोल शिकवायला मी रुजू होणार होते. हिंगोलीहून निघालेल्या गाडीत मधल्या वाटेवर लाकडी पट्ट्यांचा लांबलचक भारा पडलेला होता. त्यावरून जाताना मी अडखळले आणि भाऱ्याच्या मालकाला चार शब्द सुनावले. मालकांनी उठून हात जोडले, स्वतःची जागा मला दिली. तेवढ्यात कंडक्टर आला.

"मास्तर, काय घेऊन चालले हे? मांडवाच्या बल्ल्या हायत काय?"

"न्हाई, विमान हाय."

कंडक्टरने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "मंग तिकीट फुल लावू का हाफ?"

"सध्या निस्ते पंख हायत. हाफ लावा."

अख्खी गाडी हसली, मीही हसले. गृहस्थ थट्टा करत नव्हते, हे मला शाळेत पोहोचल्यावर कळले.

परसराम आडे सर आमच्या शाळेत कार्यशाळेचे शिक्षक होते. त्यांचा जन्म सेनगाव तालुक्यातल्याच एका तांड्यावरचा. त्यांच्या लहानपणी कपाशीवर औषध फवारणारे एक पिवळे विमान तांड्याजवळच्या माळावर उतरले होते. ते सरांच्या डोक्यातून कधी गेलेच नाही. जुन्या जमान्यात ज्या साध्या, दोन माणसांच्या विमानावर जगभरच्या लोकांनी उडायचे धडे घेतले, त्याच घाटाचे हलके विमान आपण घरी बांधायचे, असे त्यांनी ठरवले. पंख डोक्यावर, पुढे दोन चाके, शेपटीखाली एक चिमुकले चाक. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी फासळ्या आणि वरून ताणून बसवलेले कापड. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सर वर्षानुवर्षे हे काम करत राहिले. शाळेतला एकही तास मात्र त्यांनी त्यापायी बुडवला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण आमच्यातले काही जण विमान न बांधताही तास बुडवत.

सरांची काम करण्याची एक रीत होती. कुठलाही सांधा पुरा झाला की तो दुसऱ्या कुणालातरी दाखवल्याशिवाय त्यावर कापड चढत नसे. येईल त्याला ते म्हणत, "चूक काढा, चहा पाजतो." आम्हा शिक्षकांना फुकटच्या चहाची सवय लागली. एकदा मी खरोखरच एक सैल बोल्ट दाखवला. मला वाटले, सर ओशाळतील. त्यांनी चहाबरोबर भजीही मागवली आणि आठवडाभर सगळ्या शाळेला माझे कौतुक सांगितले. आपली चूक दुसऱ्याने काढली म्हणून इतके खूश होणारे दुसरे गृहस्थ मी पाहिलेले नाहीत.

विमान तयार झाले तेव्हा ते उडवायचे कुणी, असा प्रश्न आला. माझा धाकटा भाऊ दिलीप सैन्यातून निवृत्त होऊन एका फ्लाइंग क्लबात मुलांना विमान उडवायला शिकवत होता. मीच त्याचे नाव सुचवले. तो आला, आठवडाभर शेडमध्ये राहिला आणि विमानाच्या प्रेमातच पडला.

चाचणीची परवानगी मोठ्या खटपटीने मिळाली होती आणि तिची मुदत संपत आली होती. कनेरगाव नाक्याजवळच्या एका ढाबेवाल्याने सोयाबीन निघालेले आपले रान दिले. मुरूम टाकून, रोलर फिरवून तिथे धावपट्टी केली. त्या दिवशी सकाळी जीपा भरभरून माणसे आली. रस्त्यावरच्या एसटी थांबल्या. शिरड शहापूरहून माझी आई आली आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली. लेक विमान उडवणार म्हणून तिने ठेवणीतले लुगडे नेसले होते.

पूजेचा मान सरांनी तांड्याचे नायक धनसिंगकाका यांना दिला होता. काकांनी कुंकू लावले, हार घातला आणि नारळ उचलला. नवा ट्रॅक्टर आला की त्याच्या पुढच्या लोखंडावर नारळ फोडायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलेले. विमानाच्या पुढे होता प्रोपेलर, सरांनी फळ्या चिकटवून, तासून घडवलेला लाकडी पंखा. काकांनी देवाचे नाव घेतले आणि नारळ त्यावरच हाणला. नारळ फुटला, टाळ्या पडल्या.

मी शेजारीच पूजेचे ताट धरून उभी होते. सरांनी फडक्याने पाणी पुसले. उन्हात लाकूड सुकले, पण केसाएवढी एक रेघ ओलीच राहिली. सरांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. दुसरा प्रोपेलर नव्हता.

दिलीप खाली वाकून म्हणाला, "सर, पॉलिश तडकलंय नुसतं. एक चक्कर मारून उतरवतो."

"पॉलिश असंल तर उद्या तपासून कळंल," सर हळू आवाजात म्हणाले. "लाकूड असंल तर आजच कळंल, आन् तवा तुमी वर असाल."

मग त्यांनी माइक घेतला. "विमान आज उडणार न्हाई. माझ्या कामात खोट राहिली. तुमाला तकलीफ झाली, माफ करा." नारळाचे नाव त्यांनी काढले नाही. काका तिथेच हात जोडून उभे होते.

लोक चिडले. "काहून बोलावलं मंग?" असे कुणीतरी ओरडले, शिट्ट्या वाजल्या. पंख उतरवून विमान ट्रॅक्टरमागे बांधून घरी गेले. परवानगीची मुदत उलटली. पुढे कितीतरी महिने पानटपरीवर सरांना ऐकवले जाई, "मास्तर, विमान कुटवर आलं?" सर हसून पुढे जात. मला मात्र राग आवरत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी दिलीपसमोर तो प्रोपेलर करवतीने कापला. दोन फळ्यांचा सांधा आतून उकलला होता, पार मधल्या बोल्टापर्यंत. हवेत त्याचे तुकडे झाले असते. दिलीपने उकललेल्या फटीत नख घालून पाहिले. मग त्याने वाकून सरांचे पाय धरले, तर सर त्याच्यावरच रागावले. "पाय काय धरता? कानस धरा, नवा करायचाय!"

नवा प्रोपेलर झाला, परवानगीही पुन्हा मिळाली. या वेळी गर्दी नव्हती. सरांनी विमानापासून चांगला लांब एक काळा दगड धुऊन मांडला, त्याला हार घातला आणि धनसिंगकाकांना निरोप पाठवला की मान तुमचाच आहे. काकांनी दगड पाहिला, विमान पाहिले.

"परश्या, म्हंजे मागल्या खेपी मी..."

"दगडावर नारळ बराबर फुटतो, दादा," सर म्हणाले. "फोडा."

हे मला काकांनीच सांगितले, डोळे पुसत, आणि तुम्ही लिहा असेही बजावले. त्या सकाळी दिलीपने विमान उडवले, माळावर दोन फेऱ्या घेतल्या आणि अलगद उतरवले. सर नंतर नुसते चहाच मागत राहिले.

आता सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि शेडमध्ये दुसरे विमान अर्धे उभे आहे. सरांच्या या गौरवग्रंथासाठी लिहिते आहे, असे मी आईला सांगितले. ती नव्वदीच्या घरात आहे.

ती म्हणाली, "लिव्ह, माझं लेकरू त्यांनी मला जितंजागतं माघारी देलं. माझं उरलंसुरलं आयुष्य मास्तरला लागू दे."

आईचे उरलेसुरले किती, हे विचारायची हिंमत माझ्यात नाही. तेवढ्यात सरांचे दुसरे विमान पुरे व्हायचे नाही, म्हणून त्यात माझीही काही वर्षे मी आनंदाने घालते. सरांचे हात असेच स्थिर राहोत, नजर साफ राहो, चूक काढणाऱ्यांची आणि चहाची ददात न पडो.

दिलीपलाही फोनवर विचारले, तुझी किती वर्षे लिहू? तो म्हणाला, "ताई, माझी काय देऊ? ती त्यांनीच तर दिलेली आहेत."