जावेचा परवाना
ओल्या शेंगा उकडल्याचा वास आला की मला नायगावजवळच्या आमच्या रानातली ती सकाळ आठवते. रानडुकरांनी माझा आणि शेजारच्या रानातल्या धाकट्या जावेचा भुईमूग जागोजागी उकरून टाकला होता. डुकरं मारायचा परवाना दोघींनीही वनखात्याकडं मागितला. तिच्या वाटणीचा सातबारा तिच्या नावावर झालेला, म्हणून तिचा मंजूर झाला. माझा, सातबारावर अजून सासऱ्याचंच नाव म्हणून परत आला. बंदूकवाला आला तेव्हा अर्धा गाव तिच्या बांधावर जमला. ती नवं पातळ नेसून सगळ्यांना चहा देत होती, आणि माझा नुसता जळफळाट होत होता. हाकारा झाला तशी डुकरं पळून थेट माझ्या भुईमुगात शिरली. बंदूकवाल्यानं बांधावरूनच विचारलं, “ताई, तुमच्या रानात येऊ का?” मी म्हणाले, “परवाना तिच्या रानाचा हाय, माझ्या न्हाई.” जाऊ धावत आली. “अक्का, डुकराला बांध कळतो का? येऊ द्या की त्यांना!” मी हलले नाही. बंदूकवाला तसाच माघारी गेला. आठ दिवसांत डुकरांनी आधी माझं रान संपवलं, मग तिचं. नियमानं मी बरोबर होते, असं मी आजही चारचौघांत सांगते. पण तिचं तोंड उतरलेलं बघून त्या सकाळी मला लई बरं वाटलं होतं, हे कुणालाच सांगितलेलं नाही.