सरितादीदी आणि पडद्याबाहेरचं बटण

आमच्या गोदाम महामंडळाच्या रायपूर कार्यालयात सरिता मेश्राम यांच्याशिवाय पान हलत नाही, असं साहेब सांगतात. खरं तर सगळं अडतं ते एका बटणापाशी.

आमचा माल नोंदवायचा प्रोग्राम जुन्याच विंडोजवर चालतो. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक बसवलाय. त्याला म्हणायचं व्हर्च्युअल मशीन. पुढं हौसेनं भारी मॉनिटर आणले आणि स्केलिंगचा, म्हणजे दोन पडद्यांच्या मापांचा, मेळ बसेना. आतला पडदा बाहेरच्यात मावेना, खालची पट्टी कापली गेली, ‘सबमिट’चं बटण दिसेनासं झालं. सरितादीदींनी अंदाजानं शोधून काढलं: टॅब नऊ वेळा, मग एंटर. आठव्यावर ‘कॅन्सल’ आहे. मी एकदा मोजायला चुकलो आणि बीरगावच्या गोदामातल्या दिवसभराच्या धानाची नोंद गेली. तेव्हापासून दुसरं कुणी हात लावत नाही.

दीदींची आई रमाबाई नागपूरला एकटी. जिन्यावरून पडली, खुबा मोडला. दीदींनी तिथल्या कार्यालयात बदलीसाठी तीनदा अर्ज केला.

"साहेब, मले नागपूरले जाऊ द्या. आईले पाणी द्याले कोणी नाही."

साहेब तिन्ही वेळा हळहळले. "दीदी, आप चली जाएँगी तो बटन कौन दबाएगा?"

मला संताप यायचा. पण धान बुडवणारा मीच, बोलणार कोणत्या तोंडानं?

शेवटी दीदींनीच बूढापारा भागातल्या संगणकाच्या दुकानातून नील नावाच्या कारागिराला आणलं. त्यानं दोन सेटिंग बदलून आतला पडदा बाहेरच्यात बसवला. चार मिनिटं लागली. अख्खं ऑफिस बटणाच्या दर्शनाला जमलं. साहेबांनी तर ते स्वतः दोनदा दाबलं.

दीदींनी तिथंच चौथा अर्ज पुढं केला. "आता कोणीबी दाबन, साहेब."

साहेबांनी त्याच दिवशी वर कळवलं की सरिता मेश्राम यांना आता सोडता येईल. आठवड्यात बदलीचा आदेश आला. दीदींनी पेढे आणले. आदेश मी मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीवर अडखळलो. नाव नागपूरचं नव्हतं, उलट दिशेच्या जगदलपूरचं होतं. ‘जगदलपूर कार्यालयात सबमिटचं बटण दिसत नाही. सबब अनुभवी कर्मचारी म्हणून त्यांची तिकडे बदली करण्यात येत आहे.’

दीदींनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला.

"इथून पाच घंट्यात आईजवळ पोचत होती मी," त्या म्हणाल्या. "तिथून किती घंटे लागते, भाऊ?"

मी मोबाइलवर पाहिलं, आणि त्यांना सांगितलं नाही.