ठिपकीनं गिळलेला सामना

पिंपळे गुरवच्या पोरांचा आणि कंपनीच्या चाळीतल्या पोरांचा विटीदांडूचा सामना आमच्या कोंबडीनं खाल्ला. खाल्ला म्हणजे खाल्लाच, चोचीनं टिपून.

पन्नास-पंचावन्न सालचा सुमार. आमचे हे साताऱ्याकडून येऊन पिंपरीच्या कारखान्यात लागले होते आणि आम्ही कंपनीच्या चाळीत राहत होतो. माझं माहेर पिंपळे गुरव. चाळ आणि गाव यांच्या मधोमध चिंचेखाली एक चांगलं मैदान होतं आणि त्यावरून पोरांची रोज डोकी फुटत. शेवटी ठरलं, विटीदांडूचा सामना लावायचा. जिंकेल त्याचं मैदान, आणि हरेल त्यानं पवनेकाठच्या दगडधोंड्यांत खेळून गुडघे फोडून घ्यायचे.

गावच्या पोरांचा म्होरक्या माझा थोरला भाऊ, धोंडूदादा. चाळीच्या पोरांचे म्होरके आमचे हे. (दोघंही मिशीवाले बाप्ये. पण झोप उडाली होती ती या दोघांचीच, पोरं आपली घोरत होती.)

गुण मोजायचे कुणी, यावर दोन दिवस भांडण झालं. मागच्या खेपेला कोळशानं भिंतीवर मांडलेले गुण कुणीतरी पाठ खाजवायचं निमित्त करून पुसले होते! शेवटी सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. गावची पोरं मला आत्या म्हणायची, चाळीतली काकी. दोन्हीकडची एकटी मीच. शिक्षण चौथी, पण ऐट हेडमास्तरीणबाईची!

मी म्हटलं, लिहायची भानगडच नको. दोन पितळ्या मांडते. विटी पडेल तिथपासून खळगीपर्यंत दांडूनं अंतर मोजा. एक दांडू, एक दाणा. मिसळ नको म्हणून गावाला ज्वारी आणि चाळीला बाजरी.

"वा! माहेराला टपोरी ज्वारी आणि आम्हाला बारीक बाजरी?" हे लगेच फुरंगटले.

"अहो, दाणे मोजायचेत, भाकरी नाही थापायची!"

सामना रंगला. मी चिंचेच्या मुळावर पितळ्या घेऊन बसले आणि दर दांडूला दाणा टाकत गेले. शेवटचा डाव आला तेव्हा गाव किंचित पुढं होतं. इतक्यात चाळीच्या पोरानं मारलेली विटी गावच्या पोरानं झेलली. झेलली की भुईवरून उचलली, यावर रान पेटलं.

"भुईला लागलीय!" हे ओरडले.

"डोळं फुटलं का तुमचं, दाजी? वरच्या वर घेतली!"

"आत्या, तू सांग!"

"काकी, तुम्ही सांगा!"

मी पदर खोचून निवाडा करायला उठले. निवाडा काही झाला नाही. परत येऊन बघते तर दोन्ही पितळ्यांत पाय रोवून आमची ठिपकी उभी! रोज अंडं देणारी माझी कोंबडी. दादानंच मला दिलेली. ती पितळ्यांचा तळ दिसेपर्यंत जेवली होती आणि आता चोच पुसत होती.

"मैदान गिळलं हिनं!" हे ओरडले.

दादा डोकं धरून बसला, मग एकदम उठला. "थांबा. जवारी आमची, बाजरी तुमची. व्हय ना? मग कोंबडी कापा, पोटातलं निवडा आन् मोजा!"

"बरोबर बोललात मेव्हणे!" ह्यांचा चेहरा उजळला. दिवसभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. (ह्यांचा ठिपकीवर डोळा होताच. सामना ठरला त्या दिवशीच मला म्हणाले होते, "जिंकलो तर रस्सा करू." हरलो तर काय करू, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तरी करू.") एकानं पंख धरले, एकानं पाय. चाळीतलं एक पोरगं तर विळी आणायला पळालं!

"अहो सोडा तिला! सकाळी मीच तिला ज्वारी घातलीय. ती कशी वेगळी काढाल?"

"किती घातली?"

"मूठभर."

"मग आत्ता एक मूठ भर, ती मोजू आन् वजा करू," दादा म्हणाला. शेतकरी माणूस, मापाला पक्का.

विळी आली. ठिपकीनं माझ्याकडे बघितलं. आता दुसरा इलाज नव्हता.

"दादा, मोजून उपयोग नाही," मी म्हटलं. "खेळ सुरू व्हायच्या आधीच दोन्ही पितळ्यांत मी दाणे टाकले होते."

"कशापायी?"

"रिकामं भांडं मांडतात होय शुभकार्याला? आईनंच शिकवलंय. एकेक मूठ टाकली, शकुनाची."

"मोजून?"

"शकुन कुणी मोजतं का रे?"

मग गावचं एक पोरगं म्हणालं, "म्हंजी आत्या, आमी दांडू हातात घ्यायच्या आदीच आमचे गुण झालते?"

"झालते की. त्यांचेही झालते!"

ह्यांच्या हातून पंख सुटले, दादाच्या हातून पाय. ठिपकी धडपडत थेट पितळीकडे गेली आणि कडेला राहिलेले चार दाणे टिपू लागली. कुणी हाकललंही नाही.

सामना रद्द झाला. मैदान सकाळी गावाला आणि संध्याकाळी चाळीला, असं वाटून घ्यावं लागलं. ही अक्कल आधी सुचली असती तर माझी अब्रू वाचली असती. पुढं पुन्हा कधी सामना ठरला आणि गुण मोजायला कोण, असा विषय निघाला की दादा म्हणायचा, "ठिपकीला बशिवा. तिनं निदान खोटे दाणे तरी टाकले न्हाईत!"

सगळे हसायचे. कोंबडी बिचारी एकेक दाणा वेगळा टिपत होती. मुठीनं ओतणारी हेडमास्तरीण मी!