लोणारच्या केळ्यावरची बराखा

ठाण्याहून निघताना यजमानांनी मला एकच ताकीद दिली, "त्या म्हाताऱ्याशी वाद घालू नकोस." मी चौथीचा वर्ग शिकवणारी बाई. वाद न घालता माझा एक दिवस जात नाही. पण या खेपेला मी कबूल झाले, कारण कमळच्या नोकरीचा प्रश्न होता.

कमळ माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन ती लोणारला गेली. तिथल्या मुलींच्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती, कमळकडे सर्टिफिकेट होतं, आणि तिचे सासरे 'नाही' म्हणून बसले होते. महिनाअखेरपर्यंत होकार गेला नाही, तर जागा दुसरीला जाणार. "तू ये," तिने लिहिलं होतं. "नोकरी करणारी बाई कशी असते ते एकदा त्यांना पाहू दे." मी पत्र वाचून फुगलेच. नमुना म्हणून मिरवायला कोणाला आवडत नाही?

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सकाळी नांदुऱ्याला गाडीतून उतरले. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग लागलेली. तिथून एस.टी.ने खामगाव, पुढे मेहकर. मेहकरच्या स्टँडवर डबा उघडला तर चपात्यांवर मुंग्यांनी आधीच पंगत मांडलेली! मग भाजलेल्या शेंगा घेतल्या, सोलल्या, पुटपुटले आणि खाल्ल्या. शेजारच्या आजी टक लावून पाहत होत्या.

"काय म्हणून राह्यल्या बाई? नजर काढता का शेंगाची?"

"नाही हो. खाण्याआधी देवाचं नाव घेते."

"मंग मोठ्यानं घ्या ना. मी बी आयकतो."

मी त्यांना मोठ्याने म्हणून दाखवलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आमच्यात प्रत्येक खाण्याआधी बराखा (आशीर्वचन) म्हणतात आणि ती सगळ्या पदार्थांना एकच नसते. जमिनीतून आलेल्याला वेगळी, झाडावर धरलेल्या फळाला वेगळी, गव्हाच्या पोळीला आणखी वेगळी. म्हणजे तोंडात घालण्याआधी पाहावं लागतं, हे आलं कुठून? आजींना ते पटलं. त्यांनी माझ्या पुडीतल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि हात जोडून खाल्ल्या.

लोणारला पोचले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. कमळ स्टँडवर आली होती. घरी नेण्याआधी तिने मला सरोवराच्या काठावर उभं केलं. जमिनीला एवढं मोठं गोल भगदाड, तळाशी हिरवट खारं पाणी, आणि उतारावर गच्च झाडी. वाऱ्याबरोबर पाण्याचा उग्र वास वर येत होता. पण काठाच्या एका अंगाला धार (गोड्या पाण्याचा झरा) आहे, आणि तिच्या ओलाव्यावर केळी पोसल्या होत्या. "त्यातला तो तुकडा मामाजींचा," कमळने बोट दाखवलं. मामाजी म्हणजे तिचे सासरे.

"ते 'नाही' का म्हणतात?" मी विचारलं.

"त्यांनाच विचार. मला विचारायची सोय नाही."

विचारावं लागलं नाही. संध्याकाळी ओसरीवर मामाजींनीच सुनावलं. उंच, काटक माणूस, पांढरी टोपी, आवाज शेतातून घरी हाक मारायला असावा तसा. "बाई, शिकेल माणसं म्या पाह्यले. एक हात ताटात, दुसऱ्या हातात पेपर. काय खाल्लं इचारा, सांगता येत नाही. जे पिकवते त्याची याद नाही. माह्या घरच्या सुनेले मले तसं करायचं नाही."

माझ्या जिभेवर तीन उत्तरं आली. यजमानांची ताकीद आठवली आणि तिन्ही गिळली.

"बाईचा पाट इथंच मांड माह्यासमोर," ते कमळला म्हणाले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. दिवसभराच्या भुकेने माझे डोळे पांढरे व्हायला आले होते. तरी मी भाकरीचा तुकडा हातात धरला आणि बराखा म्हटली. नेमकं तेव्हाच मामाजी म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेत पोरी किती?"

मी गप्प.

कारण बराखा म्हटल्यावर घास तोंडात जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललं की ती तुटली. माझ्या वडिलांच्या घरात हा नियम इतका कडक होता, की घास घशात अडकला तरी आम्ही आधी गिळून मग ओरडत असू.

"मी इचारून राह्यलो," मामाजींचा आवाज चढला. "काऊन (का) बोलत नाही? आमच्या घरचं अन्न चालत नाही का?"

कमळचा चेहरा उतरला. मी घाईने तुकडा चावला, गिळला आणि सगळं सांगितलं. नियम, शब्द, अर्थ. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ज्वारीले कोणतं म्हणता?"

"तिला स्वतंत्र नाही. 'ज्याच्या शब्दाने सारं झालं' असं सगळ्यांना चालणारं म्हणतो आम्ही. भाकरीचं खास ते गव्हाच्या पोळीला."

"काऊन? आमच्या ज्वारीनं काय घोडं मारलं?"

मला हसू फुटलं. मामाजी मात्र खरोखर रागावले होते, आणि मला तो राग फार आवडला. आपल्या पिकाच्या मानासाठी भांडणारा माणूस मला परका वाटेना.

जेवणाच्या शेवटी कमळने केळी आणली, त्याच तुकड्यातली. मी सोललं, बराखा म्हटली आणि खाल्लं.

"हे कोणतं?"

"झाडाच्या फळाचं."

मामाजींनी हातातलं केळं खाली ठेवलं. "केळीले झाड म्हंतात लोकं. पण झाड कुठचं ते? एकदा घड देला का खोड खलास. कापून फेकतो आम्ही. बुडातून नवं पिल्लू येते. आंब्याचं खोड मरते का दरसाल? बाई, हे जमिनीचंच हाय."

माझे कान तापले. कारण वडिलांनी लहानपणी हेच सांगितलं होतं, केळ्यावर जमिनीची बराखा. का, ते मी कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं मी घाईत विसरले होते. वीस मुलींना चुका दाखवणारी बाई मी, तोंडातल्या तोंडात आयुष्यभर शब्द म्हणत होते आणि ताटात बघत नव्हते. नेमकं मामाजी म्हणत होते तसंच.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. आमच्या शास्त्रातही तेच आहे." आणि दुसरं केळं सोलून त्यांच्यासमोर पुन्हा, जमिनीची, नीट म्हटली. या वेळी ओसरीवर कोणी चकार शब्द काढला नाही. घास गिळेपर्यंत मामाजीही थांबले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. मामाजींनी केळ्यांची फणी बांधून दिली. नोकरीबद्दल ना हो म्हणाले, ना नाही. कमळने एस.टी.च्या खिडकीशी फक्त माझा हात दाबला. मी वाद घातला नव्हता, आणि वर त्यांच्यासमोर तोंडघशी पडले होते. असला नमुना पाहून कोण सुनेला शाळेत पाठवील, असं वाटून मेहकरपर्यंत माझा जीव खालीवर होत होता.

पण खरं सांगते, त्या खिन्नपणाखाली मला अभिमानही वाटत होता. पूर्वजांनी कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ते शब्द हिब्रूतले, पण ते खरे की खोटे हे लोणारच्या शेतकऱ्याने नुसत्या केळीच्या बुडाकडे बघून सांगितलं. ज्याची परीक्षा शेतात घेता येते आणि जे तिथे पास होतं, अशा वाडवडिलांच्या देण्याची मी मालकीण आहे. इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं.

ठाण्याला आल्यावर एकदा पपई कापली आणि सुरी हातातच राहिली. हे झाड म्हणायचं की नाही? मी कमळला कार्ड टाकलं, मामाजींना विचार.

उत्तर यायला दीड महिना लागला. "मामाजी म्हणतात, पपईचं खोड कापून दाखवतो, बाईंना या म्हणावं. उशिराबद्दल रागावू नकोस. तिसरीच्या मुलींच्या वह्या तपासून होत नाहीत. ज्या दिवशी तू गेलीस, त्याच रात्री ते मला म्हणाले, ज्या बाईला चूक कबूल करता येते, तिच्यासारखी होत असशील तर जा."

ते कार्ड मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा वाचून दाखवलं.